वाद्य कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बरोक काळातील, विशेषतः सतराव्या शतकातील डच प्रसंगचित्रांवर, म्हणजे रोजच्या जगण्यातले प्रसंग रंगवलेल्या चित्रांवर, आलेला लेख मी आस्थेने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला पान मिळते आणि चित्रे रंगीत छापली जातात, याचा आनंद आहेच. मात्र त्या लेखात संगीताच्या चित्रांविषयी जी दोन विधाने आली ती मला पटली नाहीत, आणि ती का पटली नाहीत हे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र. पहिले विधान असे की, या चित्रांत घराघरांतून स्त्रिया वाद्ये वाजवताना दिसतात, त्याअर्थी त्या समाजात स्त्रीला कलेचे पुरेसे स्वातंत्र्य होते. दुसरे असे की, या चित्रांतले वाद्य म्हणजे प्रेमाची किंवा वासनेची खूण असते, आणि ती खूण ओळखता आली की चित्र समजले. पहिल्या विधानात चित्र म्हणजे घराचा आरसा ठरते आणि दुसऱ्यात ते कोडे ठरते. पण दोन्ही ठिकाणी चित्रातली स्त्री प्रत्यक्ष काही वाजवते आहे, याकडे लक्षच जात नाही. तिच्या हाती कोणते वाद्य आहे, ती कोणासमोर वाजवते आहे, कोणते वाद्य तिच्या हाती कधीच दिसत नाही, आणि तिच्या वाजवण्याला कोणी काम म्हणून मोजते का, हे विचारल्याशिवाय या चित्रांतील स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयी काही ठामपणे म्हणता येईल असे मला वाटत नाही.

लेखासोबत छापलेले डच चित्रकार व्हर्मीरचे चित्रच घेऊ. साधारण १६६२ ते १६६५ या काळात रंगवलेले आणि आज ब्रिटनच्या राजसंग्रहात असलेले हे चित्र ‘संगीताचा धडा’ या नावाने प्रसिद्ध आहे. खोलीच्या पार टोकाला एक तरुणी आपल्याकडे पाठ करून व्हर्जिनल (पेटीसारखे, पट्ट्यांचे तंतुवाद्य) वाजवत उभी आहे. वाद्याच्या कडेला टेकून एक पुरुष तिच्याकडे पाहतो आहे. त्या दोघांच्या अलीकडे फरशीवर व्हायोला द गाम्बा (गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य) आडवा पडलेला आहे, आणि व्हर्जिनलच्या उघड्या झाकणावर ‘संगीत आनंदाचे सोबती आणि दुःखावरचे औषध’ अशा अर्थाचे लॅटिन वचन लिहिलेले आहे. आपल्या लेखकाने या पुरुषाला ‘संगीतशिक्षक’ म्हटले आहे आणि तरुणी त्याची विद्यार्थिनी असल्याचे गृहीत धरून सगळा प्रसंग समजावून दिला आहे. परंतु १६९६ साली आम्स्टरडॅममध्ये व्हर्मीरच्या २१ चित्रांचा लिलाव झाला, त्या वेळच्या यादीत याच चित्राचे वर्णन ‘खोलीत वाद्य वाजवणारी एक तरुणी आणि ते ऐकणारा एक सद्गृहस्थ’ अशा आशयाचे आहे. म्हणजे व्हर्मीरच्या मृत्यूनंतर अवघ्या वीस-एकवीस वर्षांनी ज्यांनी हे चित्र पाहिले, त्यांना तिच्यात वाजवणारी दिसली आणि त्याच्यात श्रोता दिसला. शिकणे-शिकवणे हे नाते चित्राला पुढे चिकटले, आणि ते चिकटताच तिची जागा खाली गेली. चित्रात मात्र असे काही नाही की ज्यावरून तिला शिकाऊ म्हणावे. तिची बोटे पट्ट्यांवर आहेत, पाठ ताठ आहे, तिच्यासमोर स्वरलिपीचे पुस्तकही दिसत नाही. पुरुषाच्या हातात काठी आहे, वाद्य नाही. त्याचे ओठ किंचित विलग दिसतात म्हणून तो गात असावा असे काही अभ्यासक म्हणतात; तसे असेल तर तो तिच्या साथीवर गातो आहे, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

या चित्रातला आरसा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हर्जिनलच्या वर भिंतीवर पुढे झुकलेला आरसा आहे आणि त्यात तरुणीचा चेहरा दिसतो. पाठमोरी पाहिली तर तिची मान वाद्याकडे सरळ आहे. आरशात मात्र ती पुरुषाच्या बाजूला वळलेली वाटते. त्याच आरशाच्या वरच्या भागात चित्रकाराच्या तिकाटण्याचा पाय दिसतो. व्हर्मीरला आरशाचे गणित जमले नाही असे कोणी म्हणणार नाही. त्याने एकाच स्त्रीची दोन रूपे जाणीवपूर्वक शेजारी ठेवली: एक वाजवण्यात गुंतलेली, आणि दुसरी चित्रकाराच्या व पाहणाऱ्याच्या मनातली, जी पुरुषाकडे वळलेलीच असली पाहिजे अशी. प्रेमाची खूण शोधणारे या दुसऱ्या रूपापाशी थांबतात. पहिले रूपही चित्रातच आहे, आणि चित्रातली मोठी आकृती तीच आहे, एवढे मला सांगायचे आहे.

आता वाद्यांच्या वाटणीविषयी, कारण या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो. इटालियन दरबारी लेखक बाल्दासारे कास्तिल्योने याने १५२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात सुसंस्कृत स्त्रीने ढोल आणि तुतारीसारखी वाद्ये वाजवू नयेत, कारण त्यांच्या कर्कशपणात स्त्रीची कोमलता झाकली जाते, असा सल्ला दिला आहे. तोंडाने फुंकायच्या वाद्यांविषयीचा संकोच त्याहूनही जुना. गाल फुगून चेहरा विद्रूप दिसतो म्हणून अथेना देवीने आपला पावा फेकून दिला ही ग्रीक कथा त्या काळच्या सुशिक्षितांना पाठ होती. गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा व्हायोला द गाम्बा आणि हनुवटीखाली किंवा छातीशी धरून जोराने गज ओढायचे व्हायोलिन यांबद्दलही असाच संकोच होता. उरली ती व्हर्जिनल, हार्पसिकॉर्ड ही पट्ट्यांची आणि ल्यूट, सिटर्न, गिटार ही तारा छेडायची वाद्ये. ही वाद्ये वाजवताना चेहरा प्रसन्न राहतो, अंगाची ठेवण सुटत नाही, आणि बसल्या किंवा उभ्या जागी वस्त्राच्या चुण्याही विस्कटत नाहीत. प्रसंगचित्रांत बहुतांश स्त्रियांच्या हाती हीच वाद्ये दिसतात. हेन्ड्रिक टेर ब्रुग्गेनने १६२१ साली रंगवलेले आणि आज जर्मनीतील कासेल येथे असलेले बासरीवादक दोघेही तरुण मुलगे आहेत. खेड्यातल्या मद्यगृहांच्या चित्रांत व्हायोलिन, बॅगपाइप, हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य) वाजवणारे पुरुष असतात आणि स्त्रिया नाचतात किंवा ऐकतात. गालांचे फुगणे, ओठांचा चंबू, ताणलेल्या मानेच्या शिरा हे सगळे पुरुषाच्या चेहऱ्यावर रंगवायला चित्रकारांना मनापासून आवडे. स्त्रीच्या चेहऱ्यावर ते क्वचितच दिसते.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते फार बोलके आहेत. डच चित्रकार गेरार्ड टेर बोर्खचे बर्लिनमधील उत्तरकालीन चित्र पाहावे. त्यात एक स्त्री गुडघ्यांशी गजाचे मोठे वाद्य धरून वाजवते आहे, पण टेर बोर्खने तिला पूर्ण पाठमोरी बसवले आहे. दिसतात ते तिचे केस, गौर मान, फरची किनार असलेले जाकीट आणि टेर बोर्खची ख्याती ज्यावर उभी आहे तो चमकता साटीनचा घागरा. ज्या वाद्याला स्त्रीच्या हाती पाहणे अवघड जाई, ते तिच्या हाती दिले खरे, पण तिचे वादन आपल्या नजरेआड ठेवून दिले. रेशमी वस्त्र रंगवण्याचे त्याचे कौशल्य मी कमी लेखत नाही. त्या पाठीत एकाग्रतेचा जो ताण आहे तो फार थोड्या चित्रकारांना साधला असता.

लेखातील पहिल्या विधानाकडे, म्हणजे स्वातंत्र्याच्या मुद्द्याकडे, आता वळतो. डच प्रजासत्ताकात कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट चर्चने सामूहिक उपासनेच्या वेळी ऑर्गनला दीर्घकाळ दूर ठेवले. मात्र ऑर्गन नगरपालिकांच्या मालकीचे होते, आणि यान पीटर्सझोन स्वेलिंकसारखा थोर संगीतकार आम्स्टरडॅम शहराच्या पगारावर तेथील जुन्या चर्चमध्ये उपासनेच्या आधी आणि नंतर लोकांसाठी वाजवत असे. घंटामनोऱ्यांवर वाजवणारे, शहराच्या समारंभांत तुताऱ्या आणि सनईसारखे शॉम फुंकणारे, लष्करातले नगारे वाजवणारे, हे सगळे पगारी पुरुष होते. स्त्रीला यांतली कोणतीही नोकरी मिळत नसे. म्हणून चित्रात ती घरात दिसते. घरातले संगीत हे तिने निवडलेले क्षेत्र नव्हते. तिच्यासाठी उघडे राहिलेले ते एकमेव दालन होते. शिवाय तेही वयाने मर्यादित असे. डच कवी याकोब काट्स याने १६२५ साली विवाहावर जो दीर्घ पद्यग्रंथ लिहिला, त्यात स्त्रीच्या आयुष्याचे कुमारिका, प्रेयसी, वधू, पत्नी, माता आणि विधवा असे सहा टप्पे पाडले आहेत. संगीताची प्रसंगचित्रे एकामागून एक पाहत गेले तर वाजवणाऱ्या स्त्रिया बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांतल्या असल्याचे जाणवते. पत्नी आणि माता वाद्यासह दिसते ती मुख्यतः कुटुंबचित्रांत, आणि तिथे वाद्यांची एकतानता म्हणजे घराची सुव्यवस्था असा अर्थ अभिप्रेत असतो. यान मीन्से मोलेनारने रंगवलेले, हार्लेममधील फ्रान्स हाल्स संग्रहालयात असलेले, स्वतःच्या कुटुंबाच्या मैफलीचे चित्र याच जातीचे आहे.

आणखी एक गोष्ट. व्हर्मीरच्या खोल्यांतली काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी त्या काळच्या सामान्य घरांत दुर्मीळच होती. व्हर्मीरच्या चित्रांतली व्हर्जिनले अँटवर्पच्या रुकर्स घराण्याने बनवलेल्या वाद्यांशी मिळतीजुळती आहेत, आणि छापील नक्षीचा कागद चिकटवलेली, आतून लॅटिन वचने लिहिलेली ती वाद्ये श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात असत. तेव्हा ‘घराघरांत स्त्रिया वाजवत’ असे या चित्रांच्या आधारे म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की, ज्यांना चित्रे विकत घेणे परवडत होते त्यांना अशी घरे आणि अशा मुली पाहायला आवडत होत्या.

दुसरे विधान, वाद्य म्हणजे प्रेमाची खूण, हे पूर्णपणे चुकीचे नाही, आणि म्हणूनच ते अधिक काळजीने तपासले पाहिजे. उट्रेख्टच्या चित्रकारांनी इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या प्रभावाखाली रंगवलेल्या कुंटिणीच्या चित्रांत ल्यूट हमखास येतो. डिर्क व्हान बाबुरेनच्या १६२२ च्या चित्रात एक हसरी तरुणी ल्यूट छेडते आहे, तिला बिलगलेल्या पुरुषाच्या बोटांत नाणे आहे, आणि म्हातारी कुंटीण आपल्या तळहातावर बोट ठेवून मोल मागते आहे. गेरिट व्हान होन्थॉर्स्टच्या १६२५ च्या, उट्रेख्टमध्येच असलेल्या चित्रात मेणबत्तीच्या उजेडात तसाच सौदा चालला आहे, आणि तिथेही ल्यूट स्त्रीच्या हाती आहे. बाबुरेनचे हे चित्र किंवा त्याची प्रत व्हर्मीरच्या सासूच्या, मारिया थिन्सच्या मालकीची असावी, कारण व्हर्मीरने ते आपल्या दोन चित्रांच्या पार्श्वभूमीवर भिंतीवर टांगलेले दाखवले आहे. त्यांपैकी एक चित्र बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १८ मार्च १९९० रोजी चोरीला गेले आणि अद्याप सापडलेले नाही. त्यात एक तरुणी वाद्यापाशी बसली आहे, दुसरी उभी राहून गाते आहे, आणि त्यांच्यामध्ये आपल्याकडे पाठ करून एक पुरुष बसलेला आहे. दुसरे चित्र, व्हर्जिनलपाशी बसलेल्या तरुणीचे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथेच जवळजवळ त्याच आकाराचे, व्हर्जिनलपाशी उभ्या तरुणीचे चित्र आहे, आणि तिच्या मागच्या भिंतीवर हातात खेळातल्या पत्त्यासारखे पान उंच धरलेला मदन आहे. तो मदन एकनिष्ठ प्रेमाचा पुरस्कार करतो असे त्या काळच्या प्रतीकचित्रांच्या आधारे समजले जाते. विकत मिळणारे प्रेम आणि एकनिष्ठ प्रेम अशी ही जोडी लावण्याचा मोह होतो, आणि आपल्या लेखकाने ती तशीच लावली आहे.

माझा आक्षेप असा की, या वाचनात दोन्ही तरुणींचे काय होते ते पाहावे. दोघी एकच वाद्य वाजवत आहेत, दोघी थेट आपल्याकडे पाहत आहेत, दोघींच्या अंगावर उंची वस्त्रे आहेत, आणि तरीही मागच्या भिंतीवर पुरुषाने रंगवलेले कोणते चित्र लटकते आहे त्यावरून एक शीलवान आणि एक पतित ठरते. तिच्या स्वतःच्या वागण्यात या निवाड्याला काहीही आधार नाही. संगीत तेच, हात तेच. शीलाचा शिक्का मात्र बाहेरून येतो. बसलेल्या तरुणीशेजारी व्हायोला द गाम्बा टेकवून ठेवला आहे आणि त्याचा गज तारांमध्ये अडकवलेला आहे. तो दुसऱ्या वादकाची, बहुधा पुरुषाची, वाट पाहणारा आहे असे म्हणतात. काट्सच्याच एका प्रतीकचित्रात एक ल्यूट वाजवला की शेजारचा न छेडलेला ल्यूट आपोआप झंकारतो, तसे एका हृदयाचे सूर दुसऱ्यात उमटतात, असा भाव आहे, त्याचा दाखला इथे दिला जातो. तो योग्यही असेल. पण ज्याने कधी वाद्य जुळवले आहे त्याला ठाऊक असते की ही अनुनादाची गोष्ट मुळात नादशास्त्राची आहे, आणि ती व्हर्मीरच्या काळच्या वादकांनाही रोज कानांनी कळत होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली व्हर्मीरची ल्यूटवाली तरुणी खिडकीकडे पाहत एका हाताने खुंटी पिळते आहे आणि दुसऱ्याने तार छेडते आहे. ती प्रियकराची वाट पाहते आहे असे सर्वत्र लिहिले जाते. मला तिच्या चेहऱ्यावर तार सुरात येण्याची वाट दिसते. जुळवणाऱ्याची नजर अशीच कुठे तरी लागलेली आणि कान मात्र तारेवर असतो.

मुली प्रत्यक्षात काय वाजवत, याचा एक लहानसा पुरावा उपलब्ध आहे. सुझान व्हान सोल्ट या लंडनमध्ये वाढलेल्या अँटवर्पकडच्या कुटुंबातील मुलीची, १५९९ साल घातलेली, पट्टीवाद्याच्या रचनांची वही ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहे. तिच्यात नृत्यांच्या चाली आहेत आणि त्यांच्याबरोबरीने धार्मिक स्तोत्रांच्या चालीही आहेत. वाजवणारी मुलगी म्हणजे प्रणयाराधन हे समीकरण या वहीपुढे फार तोकडे पडते.

इटलीची गोष्ट थोडी वेगळी असून ती थोडक्यात सांगतो. काराव्हाज्जोच्या ल्यूट वाजवणाऱ्या तरुणाचे चित्र, जे आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, त्याचे वर्णन सतराव्या शतकातील चरित्रकार जोव्हान्नी पिएत्रो बेल्लोरी याने ‘ल्यूट वाजवणारी स्त्री’ असे केले. आज बहुतेकांच्या मते तो मुलगा आहे, आणि तो खच्चीकरण केलेला गायक असावा असेही सुचवले गेले आहे. पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर गाण्याची बंदी होती आणि चर्चच्या गायकवृंदातही स्थान नव्हते. त्यांच्या आवाजाची जागा अशा पुरुषांनी घेतली होती. स्त्रीचा स्वर हवा, पण स्त्री नको, अशा व्यवस्थेत बेल्लोरीसारख्या जाणकारालाही चित्रातला वादक स्त्री वाटावा, यात मला नवल वाटत नाही.

व्हेनिसची गायिका बार्बरा स्ट्रोझी हिचे उदाहरण याहून धारदार आहे. ड्रेस्डेनमध्ये बर्नार्डो स्ट्रोझी या चित्रकाराचे, १६३० ते १६४० च्या दरम्यानचे एका स्त्री वादकाचे चित्र आहे. तिच्या हाती व्हायोला द गाम्बा आणि गज आहे, शेजारी व्हायोलिन आणि स्वरलिपी आहे, केसांत फुले आहेत, आणि वस्त्र एका बाजूने ढळून छाती उघडी पडली आहे. ही बार्बराच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. ती ज्या विद्वत्सभेत गात असे, तिच्यावर १६३७ च्या सुमारास लिहिलेल्या उपहासात्मक पत्रकांत तिच्या शीलावरच घाव घातला गेला. याच बार्बराने १६४४ ते १६६४ या वीस वर्षांत आपल्या रचनांचे आठ संग्रह स्वतःच्या नावाने छापून प्रसिद्ध केले. इतके गायनसंगीत छापून आणणारे पुरुषही तेव्हा व्हेनिसमध्ये फार नव्हते. चित्रात कलावंतीण, पत्रकात कुलटा, आणि छापील पानावर रचनाकार: तीन ठिकाणी एकाच स्त्रीची ही तीन रूपे पाहिली म्हणजे चित्राला एकट्याला साक्षीला उभे करणे किती धोक्याचे आहे ते समजते. आर्तेमिझिया जेंतिलेस्कीने १६१५ ते १६१७ च्या सुमारास स्वतःला ल्यूटवादक म्हणून रंगवले, आणि तिथे वाद्य धरणारी आणि कुंचला धरणारी एकच आहे. म्हणून त्या चित्रातील बोटे मला नेहमी अधिक खरी वाटत आली आहेत.

आपल्या लेखात यूडिथ लायस्टरचा उल्लेख नव्हता, याची मला सर्वांत जास्त रुखरुख लागली. १६०९ साली हार्लेममध्ये जन्मलेली ही चित्रकर्ती १६३३ साली तेथील चित्रकारांच्या संघाची सदस्य झाली. तेव्हा तसे सदस्यत्व स्त्रीला मिळणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होती. तिच्या चित्रांत संगीत सर्वत्र आहे. आम्स्टरडॅममधील १६२९ च्या चित्रातला ल्यूटवादक, स्टॉकहोममधला बासरी वाजवणारा मुलगा, आणि वॉशिंग्टनमधील साधारण १६३३ च्या ‘मैफल’ या चित्रात दोन वादक पुरुषांच्या मधोमध बसलेली, पुस्तक समोर घेऊन गाणारी स्त्री. या चित्रात कोणी कोणाचा हात धरत नाही, कोणाच्या बोटांत नाणे नाही, भिंतीवर मदन नाही. तिघेजण मिळून संगीत करत आहेत आणि ते जमवण्यात गुंतलेले आहेत. स्त्री-पुरुषांनी एकत्र वाजवण्याचा प्रसंग प्रणयाशिवाय रंगवता येतो हे लायस्टरने दाखवून दिले, आणि त्याची दखल घेतली जावी असे मला कळकळीने वाटते.

वॉशिंग्टनच्याच नॅशनल गॅलरीत असलेले, साधारण १६३० चे तिचे आत्मचित्र तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे. ती खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून, ओठ उघडे ठेवून, बोलता बोलता वळल्यासारखी आपल्याकडे पाहते आहे. तिच्या तिकाटण्यावरच्या कापडावर एक हसरा व्हायोलिनवादक अर्धवट रंगलेला आहे. अवरक्त किरणांनी तपासणी केली असता असे आढळले की, त्या वादकाच्या जागी लायस्टरने आधी एका स्त्रीचा चेहरा रंगवला होता. तो तिचाच असावा असा तर्क आहे. आपल्याला व्यक्तिचित्रेही येतात आणि बाजारात ज्यांना मागणी आहे ती आनंदी प्रसंगचित्रेही येतात, हे तिला एका कापडावर सिद्ध करायचे होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला पटते. पुरुषाने वाजवायचे आणि स्त्रीने पाहिले जायचे हा त्या काळचा शिरस्ता इथे उलटा झाला आहे: वाजवणारा पुरुष तिच्या कुंचल्याखाली आहे आणि त्याला रंगवायचे की पुसायचे ते ती ठरवते आहे. १६३६ साली तिने चित्रकार मोलेनारशी लग्न केले, आणि त्यानंतरची तिची फारच थोडी चित्रे आज ज्ञात आहेत. लूव्ह्रमधील, व्हायोलिन वाजवणारा पुरुष आणि पेला उंचावणारी स्त्री असलेले तिचे १६३० चे चित्र चित्रकार फ्रान्स हाल्सचे म्हणून विकले गेले होते. १८९३ साली त्यावरील तिची खूण ओळखली गेली तेव्हा कुठे ती कलेच्या इतिहासात परत आली. दोनशेहून अधिक वर्षे तिच्या चित्रांचे कौतुक होत राहिले, पण ते दुसऱ्याच्या नावावर.

पुरुषांकडूनही घरगुती संगीताची अपेक्षा होती हे मान्य केले पाहिजे, नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. मुत्सद्दी आणि कवी कॉन्स्टंटाइन हायगेन्स स्वतः ल्यूट, थिऑर्बो (लांब मानेचा मोठा ल्यूट) आणि व्हायोला द गाम्बा वाजवत असे. थॉमस डी केयझरने १६२७ साली केलेल्या त्याच्या व्यक्तिचित्रात टेबलावर लांब मानेचा ल्यूट ठेवलेला आहे. लक्षात घेण्यासारखे हे की, कागदपत्रे, नकाशे, पृथ्वीगोल यांच्यामध्ये तो ल्यूट त्याच्या व्यासंगांपैकी एक म्हणून येतो, आणि त्या वाद्यावरून हायगेन्स कोणाच्या प्रेमात आहे असा प्रश्न कोणीही विचारत नाही. १६४७ साली पॅरिसमध्ये छापलेला आपल्या गीतांचा संग्रह त्याने युट्रिशिया स्वान या गायिकेला अर्पण केला. त्या अर्पणाचे कारण तिचा आवाज आणि तिची संगीताची जाण हे होते.

हायगेन्सच्याच स्नेहसंबंधांत अँटवर्पचे दुआर्ते कुटुंब येते, आणि आपल्या लेखकाने त्या घराकडे एकदा जरूर पाहावे. मूळचे पोर्तुगीज यहुदी वंशाचे हे जवाहिऱ्यांचे घर संगीतासाठी प्रसिद्ध होते. हायगेन्सला हार्पसिकॉर्ड हवा होता तेव्हा १६४८ साली गास्पार दुआर्तेने मध्यस्थी करून तो बनवून घेण्याची व्यवस्था केली होती. त्याच्या मुली गात आणि वाजवत. त्यांच्यापैकी लिओनोरा, जन्म १६१० आणि मृत्यू १६७८, हिने पाच व्हायोलांच्या मेळासाठी सात सिन्फोनिया (वाद्यसंगीताच्या रचना) रचल्या, आणि त्या आजही वाजवल्या जातात. ज्या वाद्याला स्त्रीच्या हाती पाहताना टेर बोर्खने तिला पाठमोरी बसवले, त्याच कुळातल्या पाच वाद्यांसाठी ही स्त्री स्वतंत्र रचना लिहीत होती, कोणत्याही गायकाच्या किंवा प्रेमगीताच्या आधाराशिवाय. आणि याच घरी, तिचा भाऊ दिएगो याच्या चित्रसंग्रहाच्या १६८२ सालच्या यादीत, वाद्य वाजवणाऱ्या एका स्त्रीचे व्हर्मीरचे चित्र नोंदलेले आहे. ते चित्र म्हणजे लंडनमधल्या दोघींपैकी एक असावे असा अंदाज केला जातो.

आपल्या पुरवणीच्या संपादकांना म्हणून दोन विनंत्या आहेत. या मालिकेचा पुढचा भाग निघेल तेव्हा चित्राखालच्या ओळीत वाद्याचे नाव अवश्य द्यावे; या वेळी व्हर्जिनल, ल्यूट आणि सिटर्न या तिघांनाही नुसते ‘वाद्य’ म्हटले गेले, आणि त्यामुळे वर मांडलेली सगळी वाटणी वाचकाच्या नजरेतून निसटली. दुसरी विनंती चित्र कापण्याविषयी आहे. व्हर्मीरचे चित्र छापताना डावी-उजवी बाजू छाटून केवळ दोन आकृती ठेवल्या गेल्या, आणि फरशीवरचा व्हायोला द गाम्बा तर पूर्णच गेला. जागा कमी असेल तर एक चित्र कमी छापावे, पण जे छापाल ते कडांपर्यंत छापावे. आणि शक्य झाल्यास यूडिथ लायस्टरचे आत्मचित्र आणि तिची ‘मैफल’ ही दोन चित्रे शेजारी शेजारी द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक